तळ्यावरची साय

सकाळी तळ्याकाठी गेलेली माणसं बहुधा दुर्बीण डोळ्याला लावून लांब बघतात. मी हल्ली पाळीवरून खाली उतरतो, उकिडवा बसतो आणि आधी वीतभर खोल पाण्याचा तळ न्याहाळतो. डिसेंबरातलं कोवळं ऊन आणि नितळ पाणी असेल, तर चिखलावर काळे गोल ठिपके सरकताना दिसतात. चार मोठे, पुढे दोन लहान, आणि प्रत्येकाला उजळ कडा. वर बघावं तर या सावल्यांचा धनी निघतो काडीच्या अंगाचा एक मरतुकडा किडा. निवळी.

पाय केसाएवढे, मग सावली चिंचोक्याएवढी कशी? निवळीचा पाय पाण्याचा पृष्ठभाग फाडत नाही, नुसता दाबतो. गादीवर कोपर टेकवल्यावर पडतो तसा तिथं खळगा पडतो. हा खळगा अंतर्गोल भिंगासारखा वागतो, म्हणजे त्यावर पडलेलं ऊन बाहेरच्या बाजूला फेकतो. म्हणून मध्ये काळोख आणि कडेला जास्तीचा उजेड. आपण सावली बघतो ती पायाची नसतेच, खळग्याची असते.

हे सारं मी पाहतो ते गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, एका मामा तलावावर. मामा म्हणजे 'माजी मालगुजारी', पूर्वी गावचा शेतसारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात असे सहा हजारांच्या वर तलाव आहेत. त्यातले कितीतरी कोहळी समाजानं दोन-तीनशे वर्षांपूर्वी बांधले. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि दप्तरात हे लाडकं नाव पडलं. सोबत आलेल्या भाचीला मी नाव सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे तुझा तलाव?" मी फार जोर देऊन नाही म्हटलं नाही.

पाण्याच्या या ताणलेल्या वरच्या थराला शास्त्रात पृष्ठताण म्हणतात. मला दुधावरची साय आठवते, फरक इतकाच की साय दुधाहून वेगळी काढता येते, ही साय म्हणजे पाणीच. पाण्याच्या आतल्या रेणूला चहूबाजूंनी शेजारी ओढत असतात. सर्वांत वरच्या रेणूला वरून ओढणारं कुणी नाही. त्यामुळे पृष्ठभाग आक्रसून कमीत कमी जागेत मावायला बघतो आणि ताणलेल्या कापडासारखा वागतो.

हे कापड किती वजन पेलेल? पायाच्या कडेची लांबी मोजायची. मीटरभर कडेमागे पाणी जेमतेम सात ग्रॅम तोलून धरतं. निवळीचं वजन साधारण दहा मिलिग्रॅम, तिला दीड मिलिमीटर कड पुरे, आणि तिच्याकडे तर कित्येक सेंटीमीटर पाय आहेत. शिवाय पायांवर हजारो सूक्ष्म केस, त्यांच्यात अडकलेली हवा, त्यामुळे पाय भिजतच नाही. तिचा एकटा पाय तिच्या अख्ख्या वजनाच्या पंधरापट भार पेलतो, असं चिनी शास्त्रज्ञांनी 2004 मध्ये मोजून दाखवलं. साठ किलोच्या माणसानं हाच हिशेब स्वतःला लावला, तर दोन्ही पावलांची मिळून कड आठ किलोमीटरच्या पुढे जाते. पाण्यावर चालणाऱ्या सिद्धपुरुषांच्या गोष्टींत चपलेचं माप का दिलेलं नसतं, ते कळलं.

निवळी कशी पळते, हा प्रश्न मात्र बराच काळ चकवत राहिला. ती मधल्या पायांची वल्ही मारते हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. पाण्याला मागे ढकलल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि ती हे लाटांमधून करते असं मानलं जाई. घोडं पिल्लांपाशी अडलं. पृष्ठभागावर लाट उठायची तर पाय सेकंदाला किमान 23 सेंटीमीटर वेगानं हलायला हवा. नुकत्या जन्मलेल्या पिल्लांचा पाय त्याहून सावकाश हलतो. हिशेबानं त्यांनी जागच्या जागी राहायला हवं, आणि ती तर सुळसुळ पळतात! 2003 साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये डेव्हिड हू, ब्रायन चॅन आणि जॉन बुश यांनी पाण्यात रंग टाकून पाहिलं. प्रत्येक वल्ह्यामागे पृष्ठभागाखाली भोवऱ्यांची जोडी मागे जात होती. लाट दिसत होती, काम भोवरे करत होते.

जाळं आवरत बसलेल्या ढीवर काकांना मी विचारलं, पलीकडे घाटाजवळ या निवळ्या का नाहीत? ते जाळ्यातून मान वर न काढता म्हणाले, "तिकडे नाही राहत जी ते. साबन असते ना तिकडे."

पुस्तकातलं उत्तर याहून फार वेगळं नाही. साबणाचे रेणू पृष्ठभागावर दाटी करतात आणि पाण्याची एकमेकांवरची पकड ढिली होते. पृष्ठताण निम्म्याहूनही खाली येतो, पायांचे केस भिजतात, किडा बुडतो. घरी वाटीभर पाण्यावर शिवणाची सुई टिश्यू कागदाच्या तुकड्यावर ठेवा, कागद अलगद खाली ढकला. सुई तरंगते, तिच्या दोन्ही बाजूंचा खळगाही दिसतो. मग भांड्याच्या साबणाचा एक थेंब सोडा.

याच सायीला खालून लोंबकळणारेही आहेत. क्यूलेक्स डासाची अळी शेपटाकडची श्वासनळी पृष्ठभागाला लावून डोकं खाली करून टांगलेली असते, ॲनोफिलिसची मात्र पृष्ठभागाला समांतर पडून राहते. हिवतापाच्या मोहिमांत डबक्यांवर तेल ओतत, ते या अळ्यांचा श्वास कोंडावा म्हणून.

कुमुदाच्या पानांवर कमळपक्षी फिरत होता. दोनशे ग्रॅमच्या पाखराला सायीवर उभं राहायचं तर 27 मीटर कड लागेल. त्याची बोटं लांबलचक असतात, पण इतकी नव्हे. ती वजन पानापानांवर वाटून देतात आणि हवेच्या पोकळ्या असलेली पानं ते तोलतात. या कुळात बहुतेकांत अंडी नर उबवतो, मादी पुढच्या नराकडे जाते. भाचीला हे फार आवडलं.

खरा चमत्कार मात्र काठालगत होता. व्हॅलिसनेरिया ही पाण्याखालची, फितीसारख्या पानांची वनस्पती. शहरात ती काचेच्या मत्स्यपेटीत दिसते. तिची नरफुलं तळाशी, पानांच्या बेचक्यात तयार होतात, मोहरीहून बारीक. पिकली की कळीच्या कळी देठापासून सुटते आणि बुडबुड्यासारखी वर येते. वर येऊन उमलते, पाकळ्या खाली वळवून त्यांच्या टोकांवर उभी राहते आणि वारा नेईल तिकडे होडीसारखी जाते. मादीफूल लांब देठाच्या टोकाला पृष्ठभागापर्यंत येऊन थांबलेलं असतं. निवळीच्या पायासारखाच त्याच्याभोवतीही खळगा पडतो. भटकणारी होडी खळग्याच्या काठाशी आली की उतारावरून घसरत आत येते, कलंडते आणि पराग मादीफुलाला लागतो. सगळा संसार पाण्यात, पण परागाला पाणी लागत नाही. पृष्ठताण नसता तर हे लग्न जमलंच नसतं.

फलन झालं, की देठ मळसूत्रासारखा पीळ घेत फूल खाली ओढून नेतो. फळ तळाशी पिकतं. असा एक देठ भाचीनं बोटांत धरला, हळूच ताणला, सोडला. तो परत गुंडाळला गेला. मग तिनं अजून चार वेळा तेच केलं.

एव्हाना ऊन चढलं होतं आणि वारा सुटला होता. तळावरचे काळे ठिपके मोडले. पाण्यावर पसरलेली नरफुलांची पांढरी रांगोळी हळूहळू एका बाजूला गोळा झाली आणि धुण्याच्या घाटाकडे सरकायला लागली.