आयकॉन लपवायचे की फायली?

सिंहस्थाचे बॅनर, द्राक्षांची बिलं, ‘फायनल’, ‘फायनल 2’, ‘खरंच फायनल’... कॉलेज रोडवरच्या डिझायनरचा मॅक उघडला की हेच दिसायचं. अशा डेस्कटॉपवर निफाडच्या बागायतदारांसाठी ऑनलाइन नोंदणीची सचित्र पुस्तिका करायला घेतली, तर चित्राचित्रातून दुसऱ्या गिऱ्हाइकाचं नाव डोकावणार. म्हणून आयकॉन लपवून स्क्रीनशॉट घेणारी स्क्रिप्ट, म्हणजे टर्मिनल या मॅकच्या ॲपमध्ये ओळीने चालणाऱ्या कमांडची यादी. आयकॉन लपवण्यासाठी दोन कमांड सांगितल्या जातात आणि त्या एकच समजल्या जातात.

पहिली: सेटिंग बदलणाऱ्या ‘डिफॉल्ट्स राइट’ने ‘कॉम डॉट ॲपल डॉट फाइंडर’मधली (फाइंडर म्हणजे फायली आणि डेस्कटॉप दाखवणारं मॅकचं ॲप) ‘क्रिएटडेस्कटॉप’ ही नोंद फॉल्स, म्हणजे बंद करायची. शब्द जोडून, सी आणि डी कॅपिटल. मग फाइंडर बंद करणारी ‘किलऑल फाइंडर’. फाइंडर पुन्हा सुरू होतो, पण डेस्कटॉप मांडतच नाही. फायलींना धक्का नाही. डेस्कटॉपचं फोल्डर उघडा, सगळ्या आहेत. पेन ड्राइव्हचा आयकॉनसुद्धा जातो. मात्र वॉलपेपरवर राइट-क्लिक चालत नाही, आणि फाइंडरमध्ये मोठी कॉपी चालू असेल तर ती अर्धवट तुटते.

दुसरी कमांड, ‘सीएचफ्लॅग्ज हिडन’, डेस्कटॉपला हात लावत नाही, एकेका फाइलवर लपल्याची खूण करते. त्यामुळे फाइल फोल्डरमधूनही दिसेनाशी होते आणि ‘माझं काम उडालं’ म्हणून ऑफिसात आरडाओरड होते. शिफ्ट-कमांड-टिंब दाबलं की फिकट रंगात दिसते. पेन ड्राइव्ह या फोल्डरात नसतोच, म्हणून तो तसाच राहतो. खरी गंमत पुढे: मॅक स्क्रीनशॉट मुळात डेस्कटॉपवरच साठवतो. ती फाइल नवी, तिच्यावर खूण नाही. म्हणजे पहिला स्क्रीनशॉट दुसऱ्यात हजर! शिवाय ‘सगळ्या फायली’ या अर्थाने फाइलच्या पत्त्यात दिलेली तारेची खूण (*) अवतरणचिन्हांत टाकली, तर शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) ती उलगडत नाही आणि कमांड ‘अशी फाइल नाही’ म्हणून थांबते.

या कामाला पहिलीच कमांड घ्यावी. किलऑलनंतर ‘स्लीप 2’ (दोन सेकंद थांब) ठेवा, नाहीतर फाइंडर सावरायच्या आत फोटो निघतो. नंतर स्क्रीनशॉट घेणारी ‘स्क्रीनकॅप्चर’, तिला उणे एक्स (-x) दिलं की आवाज होत नाही. मॅकओएस कॅटालिनापासून (2019) टर्मिनलला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी लागते, ती नसेल तर चित्रात ॲपच्या खिडक्या येत नाहीत. क्रिएटडेस्कटॉप ट्रू करून फाइंडर पुन्हा सुरू करण्याची ओळ स्क्रिप्टच्या शेवटी नको, सुरुवातीलाच ‘ट्रॅप’मध्ये घाला, म्हणजे स्क्रिप्ट मध्येच थांबली तरी ती चालते. स्क्रिप्ट मध्येच कोलमडली तर शेवटची ओळ येतच नाही, आणि ही सेटिंग मॅक रीस्टार्ट करूनही जात नाही.