मोठी बॅटरी भरलेली, तरी गाडी बंद!

इलेक्ट्रिक गाडीत एवढी मोठी बॅटरी असते, मग ती जुनी १२ व्होल्टची बॅटरी कशाला लागेल? हा समज चांगलाच रुजलाय. पण तो चुकीचा आहे. बहुतेक सगळ्या इलेक्ट्रिक गाड्यांत ती छोटी बॅटरी असतेच, आणि ती उतरली तर मोठी ८० टक्के भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

कारण असं. मोठ्या बॅटरीचा दाब साधारण ४०० व्होल्ट, काहींत ८०० च्या आसपास. गाडी बंद असताना एवढी वीज सगळीकडे खेळती ठेवणं धोक्याचं, म्हणून ती जाड स्विचांनी, म्हणजे कॉन्टॅक्टरनी तोडलेली असते. ते कॉन्टॅक्टर जोडायला वीज लागते ती १२ व्होल्टची. दारांची कुलपं, दिवे, संगणक यांनाही तीच. गाडी सुरू झाली की मोठी बॅटरी छोटीला चार्ज करते.

पेट्रोल गाडीत हीच १२ व्होल्टची बॅटरी स्टार्टर, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, फिरवायला काही सेकंद शेकडो अँपिअर देते. ती थकली की स्टार्टर कण्हतो, आपल्याला अंदाज येतो. इलेक्ट्रिकमध्ये स्टार्टरच नाही, त्यामुळे कण्हणंही नाही; एके दिवशी थेट अंधार.

हायब्रिडमध्ये, म्हणजे इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेल्या गाडीतही, दोन बॅटऱ्या. मात्र साध्या, प्लग न लागणाऱ्या हायब्रिडची मोठी बॅटरी बऱ्याचदा एक-दीड युनिटचीच असते. इलेक्ट्रिकमध्ये ४०-६० युनिट सहज. हायब्रिडच्या मोठ्या बॅटरीचं काम मुख्यतः ब्रेकची ऊर्जा साठवून लगेच परत देणं.