मॉर्फिन कुठे अडलं?

कायदेशीर अफूच्या मोजक्या उत्पादक देशांत भारत आहे. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात परवान्यावर पीक निघतं, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जातं, बराचसा माल परदेशी जातो. कंपनी सरकारच्या अफूचा इतिहास मोठा आहे, पण याच अफूपासून बनणारं मॉर्फिन हे वेदनाशामक कॅन्सरच्या रुग्णाला का मिळत नाही हे कळायला १९८५ पासून पाहिलं तरी पुरतं.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा लागू झाला. रोख तस्करांवर होता. फटका वॉर्डातल्या खाटेला बसला. बहुतेक गुन्ह्यांना किमान १० वर्षे सक्तमजुरी आणि १ लाख दंड. त्यात नियम राज्याराज्याचे वेगळे. माल आणायचा, वाहून न्यायचा, बाळगायचा, प्रत्येकाचा परवाना निराळा; उत्पादन शुल्क, औषध प्रशासन, आरोग्य अशी खाती फिरायची आणि सगळे परवाने एकाच वेळी चालू असायला हवेत. शेवटचा हाती येईस्तोवर पहिल्याची मुदत संपलेली. रुग्णालयांनी साठा ठेवणं सोडलं, दुकानदारांनी हात वर केले. देशाचा वर्षाचा वापर सुमारे ६०० किलोंवरून १९९७ पर्यंत १८ किलोंवर आला. मॉर्फिनची चिठ्ठी कधीच न लिहिलेली डॉक्टरांची एक पिढी याच काळात तयार झाली.

हे सगळं नकळत घडलं, असं म्हणण्याची पद्धत आहे. ते पटत नाही. कॅन्सरच्या वेदनेवर तोंडावाटे मॉर्फिन द्या, हे सांगणारी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका १९८६ सालीच आली होती. मुंबईत वांद्र्याला देशातलं पहिलं हॉस्पिसही, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची शुश्रूषा करणारं केंद्रही, त्याच वर्षी उघडलं. गरज माहीत होती, मोजदाद कुणी केली नाही.

शिक्षा मालाच्या प्रमाणात ठरू लागली ती २००१ मध्ये. त्याआधी, १९९८ साली, केंद्राने राज्यांना नियम सोपे करायला सांगितलं; केरळने केले, बाकीच्या बहुतेकांनी कागद दाबून ठेवला. गैरवापर वाढेल, ही हरकत कायम पुढे यायची. केरळातल्या कोझिकोडच्या वेदनाशमन केंद्राने दोन वर्षांत १,७०० हून जास्त रुग्णांना औषध दिलं; माल बाहेर गेल्याचं एकही प्रकरण सापडलं नाही. हे निष्कर्ष २००१ साली छापून आले, कायदा बदलायला २०१४ उजाडलं. मे २०१५ मध्ये मॉर्फिनसह सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली आणि अनेक परवान्यांच्या जागी एक मान्यता आली.

पण ती मान्यता प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या संस्थेलाच मिळते, आणि अशा संस्था शहरांत. रुग्णाला मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी लागते दर चार तासांनी, म्हणजे दिवसाला सहा. तालुक्याच्या मेडिकलमध्ये ‘आम्ही ठेवत नाही’. फेंटानिल या दुसऱ्या वेदनाशामकाचा त्वचेवर लावायचा पॅच खिशाला परवडत नाही, म्हणून चिठ्ठीवर ट्रॅमाडोल हे सौम्य वेदनाशामक येतं. एप्रिल २०१८ पासून तेही याच कायद्याखाली आहे.