सोरायसिसमध्ये दोषी कोण? त्वचेपासून टी पेशींपर्यंतचा माग

सोरायसिसच्या चट्ट्यावरचा चंदेरी खवला खरवडला की खाली रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. ही खूण जुनीच. पण चट्टा उठवतं कोण, याचं उत्तर बराच काळ चुकत होतं. निरोगी बाह्यत्वचेतली पेशी तळातून वर यायला साधारण चार आठवडे घेते, चट्ट्यात तोच प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो. तेव्हा बिघाड त्वचेच्या पेशींचाच, असं धरलं गेलं. मेथोट्रेक्सेट लागू पडायचं, त्यानेही हाच समज पक्का झाला, कारण भराभर विभागणाऱ्या पेशींना आवरणारं ते औषध. (ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर अस्थिमज्जा कोलमडून जीवावर बेतू शकतं. चिठ्ठीवर वार लिहून घ्यावा.)

पहिला धक्का १९७९ मध्ये बसला. प्रत्यारोपित अवयव शरीराने नाकारू नये म्हणून दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन सोरायसिसजन्य संधिवाताच्या काही रुग्णांना दिलं, तर त्यांची त्वचाच साफ होऊ लागली. हे औषध टी पेशीला, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशीला, इंटरल्युकिन-२ हा तिला वाढायला लावणारा संदेश-रेणू बनवू देत नाही. तरी शंका उरली. जास्त मात्रेत ते काचपात्रातल्या त्वचापेशींनाही मंदावतं, मग गुण नेमका कशाने? औषध आजही वापरात आहे. वजनाच्या किलोमागे रोज २.५ ते ५ मिलिग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला १७५ ते ३५० मिलिग्रॅम. रक्तदाब आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला घटक) सतत तपासावं लागतं. क्रिएटिनिन मूळ पातळीपेक्षा २५ टक्क्यांहून वर गेलं तर मात्रा कमी करतात. मूत्रपिंडाच्या भीतीपोटी ते वर्षानुवर्षं चालवत नाहीत.

शंकेचा निकाल १९९५ च्या प्रयोगाने लावला. घटसर्पाच्या विषाचा तुकडा इंटरल्युकिन-२ ला जोडला. हे विष आत शिरतं ते मुख्यतः चेतलेल्या टी पेशींत. त्वचापेशींना त्याची झळ लागत नव्हती. दहा रुग्णांपैकी चौघांना ठळक, आणखी चौघांना मध्यम गुण आला. पुढच्याच वर्षी उलट बाजूने पुरावा मिळाला. स्वतःची प्रतिकारयंत्रणा नसलेल्या उंदरांवर रुग्णाची चट्टा नसलेली त्वचा बसवली, त्याच रुग्णाच्या रक्तातल्या प्रतिकारपेशी बाहेर चेतवून टोचल्या, आणि त्या त्वचेत सोरायसिस उगवला. अस्थिमज्जा प्रत्यारोपणातही तेच दिसत होतं. निरोगी दात्याची मज्जा मिळाल्यावर काहींचा आजार गेला, तर सोरायसिस असलेल्या दात्याकडून तो रुग्णात आल्याच्याही नोंदी आहेत.

मग टी पेशींवरच नेम धरणारी औषधं आली. २००३ मध्ये अमेरिकेत अलेफासेप्ट आणि एफालिझुमॅब यांना मंजुरी मिळाली. एफालिझुमॅब टी पेशींना रक्तवाहिनीतून ऊतींमध्ये उतरू देत नसे. पण त्याच पेशी मेंदूवर पहारा ठेवतात, आणि तो उठल्यावर काही रुग्णांत सुप्त जेसी विषाणूने मेंदू पोखरला. २००९ मध्ये औषध बाजारातून गेलं. भारतात २०१३ मध्ये बेंगळुरूच्या बायोकॉनचं इटोलिझुमॅब आलं, टी पेशींवरच्या सीडी६ या प्रथिनाला धरणारं.

खरी कलाटणी मात्र योगायोगाने मिळाली. उस्टेकिनुमॅब घडवलं ते इंटरल्युकिन-१२ अडवायला, कारण सोरायसिस टीएच१ या टी पेशींच्या एका उपप्रकाराचा आजार मानला जाई. २००० मध्ये इंटरल्युकिन-२३ सापडलं आणि त्याचा एक भाग, पी४०, इंटरल्युकिन-१२ शी सामाईक निघाला. म्हणजे पी४० ला धरणारं हे औषध दोन्ही अडवत होतं, आणि सोरायसिसमागे मुख्य हात इंटरल्युकिन-२३ चा निघाला. औषध बरोबर होतं, कारण चुकीचं! २००५ मध्ये इंटरल्युकिन-१७ सोडणाऱ्या टीएच१७ या टी पेशींची वेगळी ओळख पटली, आणि इंटरल्युकिन-१७ अडवणाऱ्या सेक्युकिनुमॅबला २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मात्रा ३०० मिलिग्रॅम, पहिले पाच डोस आठवड्याच्या अंतराने, मग दर चार आठवड्यांनी. इंटरल्युकिन-१७ बुरशीला रोखून धरतं, म्हणून या इंजेक्शनांवर तोंडात कँडिडाचे पांढरे थर येऊ शकतात. क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजाराच्या रुग्णांना तर ती टाळलेलीच बरी. टीएनएफ हा दाहाचा दुसरा संदेश-रेणू अडवणाऱ्या औषधांचा धोका वेगळा: क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवणारी गाठ टीएनएफच्या आधाराने टिकते. आपल्याकडे सुप्त क्षय इतका सर्रास की क्षयासाठीची मँटू ही त्वचेची किंवा आयजीआरए ही रक्ताची चाचणी आणि छातीचा एक्स-रे यांशिवाय सुरुवात करणं निव्वळ निष्काळजीपणा.

एवढं करूनही औषध थांबल्यावर चट्टा बहुधा जुन्याच जागी परततो. त्याचा धागा २००४ मध्ये सापडला. रुग्णाची वरून निरोगी दिसणारी त्वचा उंदरावर बसवली, रक्तातल्या पेशी टोचल्याच नाहीत, तरी चट्टा उगवला. त्वचेतच मुक्काम ठोकून असलेल्या टी पेशी तिथे वाढल्या होत्या. माणसाच्या त्वचेत अशा सुमारे २००० कोटी टी पेशी असतात, फिरत्या रक्तातल्यांच्या जवळपास दुप्पट, असा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला. चट्टा मावळल्यावरही त्यांतल्या काही स्मृतिपेशी बाह्यत्वचेत तशाच बसून राहतात आणि चेतवल्या की पुन्हा इंटरल्युकिन-१७ सोडतात. सध्याची इंजेक्शनं त्यांचा निरोप अडवतात, त्यांना तिथून हलवत नाहीत.