हनौमा बे: कमरेएवढ्या पाण्यातले धोके

हवाईतल्या ओआहू बेटाच्या आग्नेय टोकाला एक ज्वालामुखीचं विवर आहे. त्याची समुद्राकडची भिंत लाटांनी फोडली, पाणी आत शिरलं आणि हनौमा बे तयार झाला. १९६७ साली तो सागरी जीवांसाठी राखीव झाला आणि मासेमारी थांबली. स्नॉर्केलिंगला, म्हणजे डोळे-नाक झाकणारा मास्क लावून आणि तोंडात श्वासाची नळी धरून पाण्याखालचं पाहत पोहायला, येणारी माणसं मात्र वाढत गेली. १९८०च्या दशकात एकेका दिवशी दहा हजारांपर्यंत लोक इथे उतरत. आता सोमवार-मंगळवार खाडीला सुट्टी असते आणि बाहेरून येणाऱ्यांना आधी नोंदणी करावी लागते. ती दोन दिवस आधी, तिथल्या सकाळी ७ वाजता उघडते. भारतात तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. जागा काही मिनिटांत संपतात, त्यामुळे जेवणं उरकून बसलेलं बरं. दर आणि वेळा बदलत राहतात. त्या त्याच वेळी तपासाव्यात.

खाली उतरण्याआधी छोटी चित्रफीत सक्तीने दाखवतात. किनाऱ्यावर पोहोचलात की चिमूटभर वाळू तळहातावर घेऊन नीट पाहा. पांढरे कण हे प्रवाळ आणि शिंपल्यांचे तुकडे. त्यातला बराच भाग पोपटमाशांच्या पोटातून आलेला असतो: शेवाळ खाताना ते चुन्याचा दगडही कुरतडतात आणि पीठ करून बाहेर टाकतात. मोठा मासा वर्षाला शेकडो किलो वाळू अशी बनवतो. मधले हिरवट, काचेसारखे कण म्हणजे ऑलिव्हीन, ज्वालामुखीच्या खडकातलं खनिज. पाहून झालं की वाळू तिथेच टाका. हवाईत ती नेणं बेकायदा आहे.

आतल्या भागात पाणी कमरेएवढं, कुठे त्याहूनही कमी. म्हणून लोक निर्धास्त होतात आणि दमले की हाताशी येईल त्या ‘दगडावर’ उभे राहतात. तो दगड जिवंत असू शकतो. प्रवाळाची कातडी कागदाइतकी पातळ असते, तिच्याखाली चुन्याचा सांगाडा. इथला गोलसर पोराइटीस प्रवाळ वर्षाला जेमतेम १ सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे टाचेने उडालेला कपचा भरून यायला वर्षं लागतात. थांबायचंच असेल तर वाळूचा मोकळा पट्टा शोधा. अगदी ओहोटीला तर प्रवाळावर पोट घासेल इतकं कमी पाणी उरतं. तेव्हा त्यावरून पोहण्याचा नाद सोडा.

भरतीला पोहायला सोपं, पण ओढ वाढते. लाटा प्रवाळाच्या कठड्यावरून पाणी आत ढकलत राहतात आणि ते सगळं मोजक्या फटींतून परत बाहेर जातं. त्यातली एक वाट माणसाने केलेली: १९५०च्या दशकात समुद्राखालची टेलिफोन केबल आणण्यासाठी सुरुंग लावून तिथे चर पाडला होता. अशा फटीत ओढले गेलात तर प्रवाहाशी झुंजू नका, दम संपतो. उताणे तरंगा, हात वर करून जीवरक्षकाला खूण करा, ओढ सैल झाली की बाजूने बाहेर या.

दुसरा धोका खुद्द स्नॉर्केलच्या नळीत आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. त्या अरुंद नळीतून श्वास ओढायला जोर लागतो. जोराने ओढताना छातीत ऋण दाब तयार होतो आणि केशवाहिन्यांतला द्रव फुफ्फुसांच्या पिशव्यांत खेचला जाऊ शकतो. हवाईतल्या स्नॉर्केल अपघातांच्या अभ्यासात हेच कारण ठळकपणे पुढे आलं. अनेक प्रसंग पाय टेकतील अशा पाण्यात घडले होते. लक्षणं अशी: अचानक धाप, हातापायांतलं बळ जाणं. नाकातोंडात पाणी गेलेलं नसतं, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. धाप लागली की त्याच क्षणी मास्क-नळी काढा, उभे राहा किंवा उताणे व्हा, मदत मागा. हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नळी तोंडात धरू नये.

मास्कची परीक्षा सोपी, मालवणलाही चालेल. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर ठेवा, नाकाने श्वास ओढा, हात सोडा. चिकटून राहिला तर बसतो. पाणी शिरतं ते बहुधा कडेखाली केस अडकल्याने किंवा मिशीमुळे. अशा वेळी पट्टा आवळला तर कड मुडपते आणि गळती वाढते.

ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेली सनस्क्रीन हवाईत १ जानेवारी २०२१ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. ही रसायनं प्रयोगशाळेत प्रवाळाच्या अळ्यांना घातक ठरली आहेत. झिंक ऑक्साइडचं मलम चालेल. लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा त्याहून बरा.

तारीख ठरवताना मात्र पंचांग जवळ घ्या. पौर्णिमेनंतर आठ ते दहा दिवसांनी, म्हणजे साधारण वद्य अष्टमी ते दशमीला, ओआहूच्या दक्षिण किनाऱ्याला बॉक्स जेलीफिश प्रजननासाठी येतात. त्या दिवसांत खाडीत उतरायला बंदीही होऊ शकते. डंख झालाच तर जागा चोळू नका, वाळू फासू नका. आधी व्हिनेगर ओता. न फुटलेल्या डंखपेशी त्याने निकामी होतात. मग चिकटलेले तंतू चिमट्याने उचला आणि ती जागा ४५ अंश सेल्सिअसच्या, सोसवेल इतक्या गरम पाण्यात २० ते ४० मिनिटं ठेवा. श्वास अडखळला किंवा छातीत दुखू लागलं तर हे सगळं बाजूला ठेवून आधी जीवरक्षकाला हाक मारा.