खर्जावर कान ठेवा

ख्याल ऐकणाऱ्याच्या कानाला तानपुऱ्याची सवय असते. षड्ज एकदा लागला की मैफल संपेपर्यंत हलत नाही, त्यामुळे कान निर्धास्तपणे वरच्या सुरावटीमागे जातो. याच सवयीने बाख किंवा मोझार्ट, म्हणजे पाश्चात्त्य अभिजात संगीत, ऐकायला बसलं की गोंधळ उडतो. चाल सापडते, हरवते, मध्येच भलतीच सुरू होते. तिथली निम्मी गोष्ट खाली घडत असते, आणि खालचा सूर सारखा जागा बदलतो. म्हणून पहिले काही दिवस चाल खुशाल सोडून द्यावी आणि सर्वांत खालचा सूर धरावा.

मोबाइलच्या स्पीकरवर हे जमत नाही. चेलो या व्हायोलिनच्या जातीतल्या मोठ्या वाद्याची खालची तार ६५ हर्ट्झला बोलते, त्याहून मोठ्या डबल बेसची ४१ ला, आणि तो इवलासा स्पीकर तिथे जवळजवळ मुकाच असतो. तरी चेलो ‘ऐकू’ येतो, कारण त्याच सुराचे १३०, १९५, २६० हर्ट्झचे वरचे अंश थोडेफार वाजतात आणि मेंदू त्यांवरून मूळ सूर भरून काढतो. एकटं वाद्य असेल तर यावर भागतं. वर व्हायोलिनांचा ताफा असला की ही भरपाई कोलमडते. कानात घट्ट बसणारे साधे इअरफोन पुरतात.

सुरुवात पाखेलबेलच्या डी मेजरमधल्या कॅननने करावी. लग्नसमारंभांत वाजून वाजून तो गुळगुळीत झालाय हे खरं, पण सरावाला याहून सोपी चीज नाही. डी हा षड्ज धरला तर चेलो आठच सूर वाजवतो: सा, प, ध, ग, म, सा, म, प. सगळे शुद्ध. पहिला सा वरचा, बाकीचे त्याच्या खाली, आणि मधला सा एक सप्तक खालचा. हे आवर्तन २८ वेळा येतं, एका सुराचाही बदल न होता. पहिलं व्हायोलिन दुसऱ्या आवर्तनाला शिरतं, दुसरं तिसऱ्याला, तिसरं चौथ्याला, आणि तिघांची चाल तीच. आठ सूर आधी पेटीवर वाजवून पाठ करा, मग ऐका. मध्यावर व्हायोलिनं द्रुत लयीत जातात तिथे बहुतेकांची मोजणी सुटते. सुटली तर वर पाहू नका. खाली ‘म प’ झाल्यावर वरच्या सा वर उडी येते, ती आली की नवं आवर्तन लागलं.

पुढची पायरी बाखच्या १७२२ च्या ‘वेल-टेम्पर्ड क्लाविअर’ या संग्रहातला सी मेजरमधला पहिला प्रील्यूड, म्हणजे छोटी आरंभीची रचना. यात गाण्यासारखी चाल जवळजवळ नाहीच. ३५ मात्राखंड आहेत आणि जवळपास प्रत्येकात पाच सुरांची एक जुळणी दोनदा उलगडते. पहिल्यात सा ग प सा ग. फक्त खालचा सूर मोजा: पहिल्या चार खंडांत सा, सा, नी, सा. चोविसाव्या खंडात खाली पंचम लागतो आणि पुढे आठ खंड, म्हणजे जवळजवळ अर्धा मिनिट, सुटत नाही. वरच्या जुळण्या त्या पंचमाशी भांडत राहतात. बत्तिसाव्या खंडात षड्ज येतो तेव्हा मिळणारी सुटका समेवर येण्यासारखी असते, फक्त ती तालाची नसून सुराची असते.

आता खुद्द षड्ज हलतो ते ऐकू. मोझार्टचा १७८८ चा सी मेजरमधला पियानो सोनाटा, के. ५४५ (हा त्याच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक). डाव्या हातात सा प ग प, उजव्यात सा ग प आणि मग मंद्र नी, सा रे सा. सुरू होताच सा गुणगुणायला लागा आणि सोडू नका. साधारण पंचवीस सेकंदांनी दुसरी चाल येते आणि तुमचा सा खटकू लागतो. पियानोने आपला षड्ज पंचमावर नेलेला असतो, त्यामुळे तुमचा सा तिथे मध्यम ठरतो. हा भाग बहुधा दोनदा वाजतो, म्हणजे चुकलं तर पुन्हा संधी. पुढे मूळ चाल परतते. रिवाजाप्रमाणे ती मूळ षड्जावर यायला हवी, पण मोझार्ट ती मध्यमावर आणतो. आता तुमचा सा पंचम झालेला असतो, चांगलाच जुळतो, आणि म्हणूनच ही खोडी कित्येकांना कळतच नाही.

असा षड्ज कुठेही न्यायचा तर बाराही अंतरं सारखी हवीत. आजच्या पियानोवर प्रत्येक पायरीला कंपनसंख्या १.०५९५ पट होते. अशा एका पायरीचे शंभर भाग केले तर एक भाग म्हणजे सेंट. पंचम यात जेमतेम २ सेंट उतरतो, पण गांधार ३८६ ऐवजी ४०० सेंटला, म्हणजे १४ सेंट चढा. मधल्या सी बरोबर ई, म्हणजे त्याचा गांधार, दाबला तर सेकंदाला सुमारे दहा थरथरी ऐकू येतात. पेटीही अशीच लावलेली असते. तिच्यावरचा जुना आक्षेप हाच, आणि १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटी बंद केली त्यामागेही तो होता. बाखच्या काळी मात्र वाद्यं अशी काटेकोर समान लावत नसत.

काळाच्या क्रमाने ऐकण्याचा हट्ट नको. ख्यालाच्या कानाला खरं तर पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचा संगीतकार पेरोतँ लवकर भावेल. बाराव्या शतकाच्या अखेरीस त्याने रचलेल्या चार आवाजांच्या गायनात खालचा आवाज एकेक अक्षर कितीतरी वेळ धरून ठेवतो आणि वरचे तिघे नाचतात. वाग्नरचा ‘ट्रिस्टान’ हा ऑपेरा मात्र मागे ठेवा: सुरुवातीला ताणलेली जुळणी मोकळी व्हायला जवळजवळ चार तास लागतात. द्यबुसीच्या १८९४ च्या ‘फॉन’ या वाद्यवृंदाच्या रचनेत आरंभी एकटी बासरी आहे, खाली कोणीच नाही. शोनबर्गने १९२० च्या दशकात बारा सुरांना सारखा मान दिला, तिथे षड्ज शोधण्यात अर्थ नाही. वाद्यांचे रंग ऐकावेत.

अमेरिकन संगीतकार टेरी रायलीच्या १९६४ च्या ‘इन सी’मध्ये पियानोवर वरचा सा अखंड ठोकला जातो आणि वादक ५३ तुकडे हवे तितक्या वेळा घोळवत पुढे सरकतात. रायलीने किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचं शिष्यत्व पत्करलं, पण ते त्यानंतर, १९७० मध्ये.