लेबर आजाराची जनुकीय तपासणी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

डोळ्याची नस सुकल्याचे निदान झाल्यावर काही रुग्णांना नेत्रतज्ज्ञ मायटोकॉन्ड्रियल डीएनएची तपासणी लिहून देतात. सोलापूर शहरातून, तसेच अक्कलकोट, बार्शी, मोहोळ या भागांतून अशी चिठ्ठी घेऊन आमच्या रक्ततपासणी केंद्रात येणाऱ्या कुटुंबांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, की घरातील आणखी कोणाचे रक्त द्यावे. हे पत्रक मुख्यतः त्यासाठी आहे.

जर्मन नेत्रतज्ज्ञ थिओडोर लेबर यांनी १८७१ मध्ये वर्णिलेल्या या आजारात, बहुतेक वेळा १५ ते ३५ वर्षांच्या वयात आणि अधिक करून पुरुषांमध्ये, मधली नजर काहीही न दुखता मंदावते. समोरच्याचा चेहरा ओळखू येत नाही, कडेचे मात्र दिसत राहते, आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दुसऱ्या डोळ्याचीही तीच अवस्था होते. चष्म्याचा नंबर बदलून उपयोग होत नाही.

पेशींना लागणारी ऊर्जा ज्या मायटोकॉन्ड्रियांत तयार होते, त्यांचा स्वतःचा १६,५६९ अक्षरांचा डीएनए असतो. त्यातील ११७७८, ३४६० किंवा १४४८४ या क्रमांकाच्या जागी एक अक्षर बदललेले असणे, हे सुमारे ९० टक्के रुग्णांमधील कारण आहे. या बदलामुळे ऊर्जानिर्मितीचा पहिलाच टप्पा अडखळतो आणि ज्यांच्या तंतूंनी डोळ्याची नस बनते, त्या दृष्टिपटलातील पेशी आधी निकामी होतात. १९८८ मध्ये प्रथम सापडलेला ११७७८ हा बदल सर्वाधिक आढळतो आणि त्यात नजर परत येण्याची शक्यता कमी असते. १४४८४ मध्ये ती तुलनेने बरी असते.

हा डीएनए अपत्याला केवळ आईकडून मिळतो. म्हणून रुग्णाची आई, सख्खी भावंडे, मामा, मावशी आणि मावशीची मुले हे सर्व एकाच रांगेत येतात. मामाची मुले येत नाहीत. रुग्ण वडील असतील तर त्यांच्या मुलांना हा बदल मिळत नाही, परंतु आत्याला आणि तिच्या मुलांना तो असू शकतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अनेक घरांत आहे, आणि आनुवंशिक आजार म्हटला की दोष त्या सोयरिकीला दिला जातो. या आजारापुरता तो दोष अनाठायी आहे, कारण त्या जोडप्याच्या मुलांना मायटोकॉन्ड्रिया मिळतात ते मामीच्या माहेरच्या बाजूचे.

बदल सापडला म्हणजे नजर जाणारच, असे नव्हे. बदल असलेल्या पुरुषांपैकी ढोबळमानाने निम्म्यांना आणि स्त्रियांपैकी दहात एखादीला प्रत्यक्ष आजार होतो. हा धोका धूम्रपानाने वाढतो, अतिमद्यपानही टाळणेच योग्य. विडी गावातच वळली जाते म्हणून ती सिगारेटपेक्षा सौम्य असते, असा समज कृपया ठेवू नये. क्षयरोगावरील इथॅम्ब्युटॉल हे औषध डोळ्याच्या नसेला अपाय करू शकते, त्यामुळे असे उपचार सुरू होताना हा रिपोर्ट डॉक्टरांना अवश्य दाखवावा. मात्र चालू औषध स्वतःहून बंद करू नये.

तपासणीसाठी जांभळ्या टोपीच्या नळीत थोडे रक्त घेतले जाते व उपाशीपोटी येण्याची गरज नसते. नमुना आम्ही जनुकीय प्रयोगशाळेकडे पाठवतो. काहींच्या शरीरात बदललेला आणि मूळचा असा दोन्ही प्रकारचा डीएनए असतो. तेव्हा रिपोर्टात टक्केवारी दिलेली असते आणि तिचा अर्थ नेत्रतज्ज्ञ किंवा जनुकीय समुपदेशक यांच्याकडूनच समजून घ्यावा. तिन्ही जागी बदल न आढळल्यास आनुवंशिक कारण नाहीच, असे ठरत नाही. डोळ्याच्या नसेचे काही आजार पेशीच्या केंद्रकातील (म्हणजे मायटोकॉन्ड्रियाबाहेरील मुख्य डीएनएमधील) ओपीए१ सारख्या जनुकांमुळे होतात आणि ते वडिलांकडूनही येतात. त्यासाठी वेगळी तपासणी असते, व ती करायची की नाही हे डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसारच ठरते.